माझ्या उंचीची चटई

क्योतो
२ सप्टेंबर २०१४

अहो,

अंबरीष रविवारी सुखरूप घरी पोचला. तुमच्या हाताखालचे धीरजभाऊजी त्याला दारापर्यंत सोडून गेले, चहालाही थांबले नाहीत. फोन करायचा म्हणजे तुम्हाला बेटावरची टेकडी चढावी लागते, आणि चढलात तरी बोलता तुम्हीच. मी 'हो, हो' म्हणते तेवढ्यात आवाज जातो. म्हणून लिहिते आहे. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठकोरी बाजू फुकट कशाला घालवायची? बोटीने पोचेल तेव्हा पोचेल.

गणपती दीड दिवसाचे झाले. मूर्ती मीच मातीची केली, विसर्जन बादलीत. आरतीला मी आणि खालच्या मजल्यावरच्या किकुचि-सान. त्यांना टाळ्या वाजवायला आवडतात. पोराचे मोदक राखून ठेवले होते ते त्याने मुकाट्याने खाल्ले.

डोकं पूर्ण भादरून आलाय. मला आधी वाटलं उवा झाल्या. मग धीरजभाऊजी म्हणाले, तिथल्या संस्कारात मुलांचं डोकं समुद्रकाठी काढतात आणि केस पाण्यात सोडतात. मला कोणी सांगितलं नव्हतं की आपला मुलगाही त्या मुलांत बसणार आहे. तुम्ही म्हणाला होतात, "नुसता बघायला नेतोय, सुट्टीत घरी बसून तरी काय करणार?" हाच मुलगा मुंजीत घेरा ठेवायचा म्हटलं तर "शाळेत हसतील" म्हणून दोन दिवस जेवला नव्हता.

असो. झालं ते झालं. पण आता तरी माझं ऐका.

आठव्या वर्षी मुंज राहिली कारण तुमचा दौरा होता. मग दोन हजार अकराच्या वैशाखात मिरजेला मुहूर्त धरला, कार्यालय घेतलं, अष्टवर्गाला जेवायला कोणकोणती मुलं ते ठरलं, विमानाची तिकिटं आली. आणि मार्चमध्ये भूकंप. इथे देवघरातली समई नुसती हलली. सगळे भारतीय पळत मायदेशी गेले, आपण तर जाणारच होतो. पण तुम्हाला बातमी आली की तुमच्या बेटावर त्या दिवशी समुद्र आत आला आणि त्यांच्या अळूच्या वाफ्यांत खारं पाणी शिरलं. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून तिकडे गेलात. परत आलात ते उजळलेलं तोंड घेऊन. तिथला एक म्हातारा म्हणाला होता, "युद्धाआधीपासून आम्ही मुलगे समुद्राच्या स्वाधीन केले नाहीत, म्हणून तो स्वतःच मागायला आला."

तेव्हापासून तुम्ही त्यांचा संस्कार पुन्हा उभा करायच्या मागे लागलात. त्या बेटावर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा कुणी जपानी अभ्यासकाने काढलेले फोटो आणि टिपणं तुमच्या विद्यापीठाच्या तळघरात पडून होती. पुढे मिशनऱ्यांनी तो संस्कार बंद पाडला, बेटावरचे लोक विसरले. ज्याचं त्याला परत देणं हे पुण्याचंच काम. मी कधी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, त्यांच्या मुलांचं करा, पण आपल्याही एका मुलाचं करा.

तुम्ही म्हणालात, "सुप्रभा, ते वेगळं. तो त्यांचा जिवंत संस्कार आहे. आपली मुंज म्हणजे जेवणावळ आणि आहेर."

जिवंत म्हणे. सत्तर वर्षं झालाच नाही तो जिवंत, आणि मिरजेला दर वैशाखात होते ती मेलेली.

मला आहेर नको, बँड नको. मला एक मातृभोजन हवं आहे. मुलगा शेवटचा आईच्या ताटात जेवतो, मग तो आपला आपण. एवढ्या एका घासासाठी सात वर्षं थांबले आहे. सुलेखावन्संचा तोक्योहून फोन होता. त्यांच्या हिगाशी-कसाईला फेब्रुवारीत सामुदायिक मुंजी करणार आहेत, हॉलही ठरलाय. श्रीहरी म्हणून एक आहेत, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य. अंबरीषचं नाव घालू का? हो की नाही तेवढं कळवा.

एक सांगायचं राहिलं. आल्यापासून पोर मला हाक मारत नाही. जवळ येऊन उभा राहतो आणि "आनो..." म्हणून सुरुवात करतो. मी म्हटलं, "आनो काय? 'अहो, जरा ऐका' म्हणायला मी दुकानातली बाई आहे का?" तर खाली बघतो. वयच तसं आहे म्हणा.

तब्येतीला जपा. पाणी उकळूनच प्या.

सुप्रभा


क्योतो
१० सप्टेंबर २०१४

अहो,

धीरजभाऊजींकडून निरोप मिळाला. महिनाअखेर तुम्ही येणार, मागोमाग बेटावरची मंडळी विद्यापीठातलं जुन्या फोटोंचं प्रदर्शन बघायला येणार, आणि मी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत सुलेखावन्संकडे जाऊन राहायचं. "वहिनींना सांग, जरा मोकळी हो, चार मराठी माणसांत दिवाळी कर," असं तुम्ही म्हणालात म्हणे.

लग्नाला वीस वर्षं झाली. मी मोकळी व्हावं असं तुम्हाला पहिल्यांदाच वाटलं. आनंदाने मी त्या दिवशी शिरा केला.

पण मग मनात आलं, घरी पाहुणे यायचे आणि घरची बाई घरात नाही, हे बरं दिसतं का? घर लहान आहे हे खरं, पण आपण मिरजेला याहून लहान घरात लग्नं लावली आहेत. ते भात खातात ना? भात, अळूची भाजी, नारळ घालून काहीही करते. त्यांना परकं वाटणार नाही. त्या रोसेंदाबाई पण येणार आहेत असं धीरजभाऊजी बोलून गेले. तुमच्या पत्रांतून त्यांच्याविषयी वाचलं आहे. अभ्यासकाने टिपणं लिहिली ती सगळी पुरुषांची. आयांनी काय करायचं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेल्या त्या एकट्याच उरल्या आहेत. अशा बाईला माझ्या हातचं दोन घास जेवू घालायला मला आवडलं असतं. कळवा.

मुंजीचं काही बोलला नाहीत. तेही कळवा.

पोराचं तसंच आहे. काल मी एक युक्ती केली. तो शाळेतून आला तेव्हा मी बाल्कनीत धुण्याच्या मागे जाऊन गप्प उभी राहिले. म्हटलं, आता तरी "आई, कुठेयस?" म्हणेल. सायकलची किल्ली माझ्याकडे होती, त्याला शिकवणीला जायचं होतं. सगळ्या घरातून फिरला. स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघर बघितलं. तोंडातून शब्द नाही. मग काय केलं असेल? बूट घालून बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि आपल्याच घराची बेल वाजवली. मी दार उघडल्यावर हात पुढे केला. किल्ली.

मी हसले. नंतर हसू आलं नाही.

"बेटावर काय शिकवलं रे तुला, आईशी बोलू नये असं?" म्हणून विचारलं. जपानीत म्हणाला, सांगता येत नाही. आणि किकुचि-सानचा जळाऊ कचरा न्यायला खाली पळाला. त्यांचं मात्र सगळं करतो. त्यांची धाकटी बहीण फुमि, मियागीच्या किनाऱ्यावर भूकंपाच्या त्या लाटेत गेली, ती सापडलीच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या फोटोपुढचा चहाचा कपसुद्धा कधी कधी अंबरीष बदलतो.

परक्याच्या मेलेल्या बहिणीला चहा, आणि जिवंत आईला हाक नाही.

सुप्रभा


क्योतो
१५ सप्टेंबर २०१४

श्री. पंढरीनाथ यांस,

वर काय लिहायचं ते मला सुचत नाही, आणि खाली सही करताना सौ. लिहायचं की कै., ते तुम्हीच सांगा.

परवा अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध त्या दिवशी करतात. तुमच्या हिशेबाने त्या दिवसाची मानकरी मीच. सवाष्ण जेवायला कोणाला सांगू?

शनिवारी धीरजभाऊजींच्या विभाकडे गेले होते. धीरजभाऊजी तिकडून चित्रण करून आलेत, ते तिने कौतुकाने लावलं. "वहिनी, बघा तरी, अंबरीष किती छान दिसतोय!" बिचारीला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. समुद्र दिसला. सात मुलं, सगळ्यांच्या पुढे अंबरीष. वाळूवर चटया, चटयांवर बायका आडव्या पडलेल्या, तोंडावर कापड. विभाने समजावलं की मुलगा पाण्यात जातो तेव्हा आईने मेल्यासारखं पडून राहायचं असतं. मी म्हटलं, आहे बाई, अर्थ आहे. आपलं मातृभोजन तरी दुसरं काय?

मग सगळ्या बायका उठून बसल्या आणि एका रिकाम्या जागेकडे तोंड करून रडायला लागल्या. खोटं नाही, ऊर बडवून. एक म्हातारी अंबरीषला मांडीवर घेऊन रडत होती. त्या रोसेंदाबाई. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी दहावी झालेली आहे. हळू वाचते, पण वाचते. आई. समुद्र. मोठी लाट. जपान. नेली.

"विभा, कोणाची आई?" मी विचारलं.

तेवढ्यात धीरजभाऊजी आतून धावत आले आणि त्यांनी ते बंद केलं. त्यांचा चेहराच सांगत होता. मी म्हटलं, "भाऊजी, बसा. आणि सांगा."

"वहिनी, सर खोटं बोलले नाहीत हो."

"मग कोण बोललं?"

"कोणीच नाही. बाहेरच्या माणसाला त्यातला आतला भाग बघताच येत नाही, मुलगा आत बसला तरच त्याच्या माणसांना बघू देतात. तिथल्या म्हाताऱ्याने सहज विचारलं, या मुलाची आई कुठे? सर म्हणाले, जपानात. त्याने विचारलं, समुद्राने नेली का? आणि सर..."

"सर काय?"

"सर गप्प बसले."

तुम्ही गप्प बसलात. तुम्ही! भाषणाला उभे राहिलात की लोक जांभया द्यायला लागतात तरी थांबत नाही, सत्यनारायणाच्या कथेत भटजींना मध्येच सुधारता, आणि तुमच्या बायकोला मारत होते तिथे तुमची वाचा गेली. बाई मेली नाही, एवढे तीन शब्द. दमडी पडत नव्हती.

"मग त्यांनी अंबरीषकडे बघितलं," धीरजभाऊजी म्हणाले, "त्यानेही मान खाली घातली. मग ते म्हणाले, हा तर समुद्राचाच मुलगा, हा सगळ्यांत पुढे जाईल. बाकीची सहा मुलं त्याच्या हाताला धरून पाण्यात उतरली."

आणि तो हाक का मारत नाही तेही मला विभाच्या सोफ्यावर कळलं. ज्याची आई समुद्राने नेली, त्याने तिच्या उंचीची चटई ज्या पाण्यात ती गेली त्या पाण्यात सोडेपर्यंत 'आई' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणालाही उद्देशून नाही. त्याने तशी शपथ घेतली आहे. तुमचं गप्प बसणं तुमच्यापुरतं झालं, ते पोर महिनाभर गप्प बसलंय. तुम्हाला तिथे टिपणं मिळाली, त्याला तिथे धर्म मिळाला. माझ्याकडून मिळाला असता, पण माझा मेलेला ना.

घरी आले. त्याला समोर बसवलं. मी म्हटलं, "मला कळलंय." तो रडला. मी रागावणार होते. पण जो मुलगा शपथ मोडायला नको म्हणून आपल्याच घराची बेल वाजवतो, त्याला मी काय रागावू? मी त्याला जे शिकवलं तेच तो करतोय, दुसऱ्याच्या देवापुढे.

आता कळलं मला दिवाळीचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. मेलेली बाई दारात रांगोळी घालताना पाहुण्यांना दिसायला नको.

किकुचि-सानकडे गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांची फुमि खरोखर गेली. तुम्ही मला तिच्या रांगेत नेऊन उभी केलीत, फुकट.

हे पत्र टपालात टाकत नाही, टेबलावर ठेवते. तुम्ही याल तेव्हा मी नसेन. नवरात्रापर्यंत कशाला थांबू? अंबरीष पंधरा दिवस धीरज-विभाकडे राहील. फ्रीजमध्ये काही नाही. मेलेल्या बाया विरजण लावून जात नाहीत.

कोणीही नाही


हिगाशी-कसाई
५ ऑक्टोबर २०१४

श्री. पंढरीनाथ यांस,

तुमचे फोन सुलेखावन्संच्या मोबाइलवर येतात आणि मी कणीक मळत असते. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तुमची बाजू पुष्कळ घेतली. म्हणाल्या, "वहिनी, दादा पहिल्यापासून तसाच. आणि एवढं काय मनाला लावून घ्यायचं? एका बेटावर तर मेलात, इथे जिवंत आहात ना?" मी म्हटलं, "वन्सं, उद्या विलासभाऊजींनी त्यांच्या बँकेत बायको मेली म्हणून सांगितलं तर?" तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांच्या जुईला मात्र मी आल्यापासून रोज गरम पोळी मिळते, तेव्हा माझं कोणाला ओझं नाही. बिल्डिंगमधल्या दोन घरांनीही पोळ्यांचं विचारलंय.

शेवटी काल मी फोन घेतला. तुम्ही एवढं हळू बोलू शकता हे मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, रोसेंदाबाई चटई विणून घेऊन आल्या आहेत. प्रदर्शन त्यांनी धड बघितलंही नाही, एकच विचारतात, ते पाणी कुठे आहे, तिकडे कधी न्याल? मियागीला न्यावंच लागणार. आणि अंबरीष म्हणतो, ती आल्याशिवाय मी येणार नाही.

"तू ये," तुम्ही म्हणालात, "पण मावशी म्हणून ये. आत्ता खरं बाहेर आलं तर त्या सहा पोरांचं सगळं रद्द होईल, सुप्रभा. ज्याच्या हाताला धरून गेले तोच खोटा ठरेल. सत्तर वर्षांनी झालेलं."

मी म्हटलं, "तुमचा प्रबंधही खोटा ठरेल."

तुम्ही गप्प. अलीकडे तुम्हाला जमायला लागलंय ते.

रात्रभर... नाही, रात्रभर जागले वगैरे लिहीत नाही, झोपले. सकाळी देवापुढे बसले तेव्हा विचार केला. मी उभी राहून म्हटलं की मी जिवंत आहे, तर माझं काय जातं? तुमची अब्रू जाईल, ती जावी. पण ज्या सहा आया वाळूवर मेल्यासारख्या पडून राहिल्या, त्यांचं काय? त्यांनी मनापासून केलं. त्यांची पोरं नेऊन पुन्हा पाण्यात उभी करणार का कोणी? तुम्हाला वाटतं संस्कार म्हणजे चित्रणात दिसतं ते. संकल्प खोटा असला तर केलेलं फळत नाही हे मला माझ्या आईने सांगितलं. आणि एकाच्या पापाने दुसऱ्याचं फळ जाऊ देऊ नये, हेही तिनेच.

म्हणून येते. तुमच्यासाठी नाही. मावशी म्हणून येते, तोक्योला गाडीत बसते. माझं तिकीट मी काढीन. दशम्या आणि चटणी घेऊन येईन, स्टेशनवरचे डबे घेऊ नका, त्यात मासे असतात आणि महागही असतात.

एक लक्षात ठेवा. ही मावशी म्हणून जी येईल, ती परत जाताना तुमची कोणी नसेल.

सुप्रभा


हिगाशी-कसाई
१९ ऑक्टोबर २०१४

श्री. पंढरीनाथ,

तुम्ही त्या दिवशी कॅमेऱ्यामागे होतात. जे तुम्हाला दिसलं नाही ते लिहून ठेवते. प्रबंधात घाला नाहीतर घालू नका.

गाडीत रोसेंदाबाई माझ्या शेजारी बसल्या. वीतभर उंचीची बाई, पण हात सुतारासारखे. लहानपणी दोन वर्षं जपानी शाळेत गेलेल्या. माझं जपानी भाजीबाजारातलं, त्यांचं शाळेच्या पहिल्या पुस्तकातलं. तुमच्या त्या दुभाष्याची गरज पडली नाही. त्यांनी मला विचारलं, "बहीण ना तुम्ही तिची?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "तिला काय आवडायचं?"

हा प्रश्न मला आधी कोणी विचारलाच नव्हता. तुम्हाला येईल का सांगता? मी म्हटलं, "तिला कैरी आवडायची. मीठ लावून. आणि गाण्याचा क्लास लावायचा होता, तो राहिला." त्यांनी दोन्ही गोष्टी पुटपुटून पाठ केल्या, पाण्यावर म्हणायच्या असतात म्हणाल्या. "नवऱ्याने जपलं का तिला?" मी म्हटलं, "तो विद्वान होता." त्या हसल्या. कुठल्या बेटावरची बाई असली तरी हे तिला कळतं.

मी डबा उघडला. अंबरीष समोर बसला होता. सगळ्यांना दशम्या वाटल्या, त्यालाही कागदावर दिली. त्याने ती बाजूला ठेवली. मग वाकून माझ्या डब्यातली, माझ्या पुढ्यातली अर्धी तोडली आणि खाल्ली. परत तोडली. हाक मारायची नाही अशी शपथ होती, जेवायचं नाही अशी नव्हती. त्याने डबा संपवला. चटणीचं बोट चाटलं. तुम्ही खिडकीबाहेरचा उजेड किती आहे ते बघत होतात.

उतरताना त्याने खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. उदबत्त्या. "किकुचि-सानने दिल्यात," म्हणाला, "फुमि-सानसाठी एक लाव म्हणाल्या." मी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे पोराने जाऊन त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. तुम्हाला आणि मला जे तोंड नव्हतं ते त्याला होतं. आणि त्या बाईने दार लावलं नाही, उदबत्त्या दिल्या.

किनाऱ्यावर काही नाही, हे तुमच्या चित्रणात आलंच असेल. नवी भिंत आणि गवत. रोसेंदाबाईंनी चटई उलगडली. सुंदर विणलेली, काठाला तांबडी पट्टी. अंबरीषला त्यांनी बेटावर विचारलं होतं, तुझी आई केवढी होती? त्याने हात आपल्या नाकाशी धरून दाखवला होता. तेवढीच विणलेली. वाळूवर ती पसरली आणि मी तिच्या कडेला उभी होते. ऊन तिरपं होतं, माझी सावली चटईवर पडली नाही, बाजूला पडली, पण रोसेंदाबाईंनी एकदा चटईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत. मग अंबरीषच्या नाकाकडे. विणणाऱ्या बाईची नजर चुकत नाही. मला वाटलं, संपलं.

त्या गुडघ्यावर बसल्या आणि चटईचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणजे त्यांनाही ती सहा पोरं आठवली असणार. तुमच्या संस्काराची राखण त्या क्षणी दोन बायकांनी केली, पंढरीनाथ, एकीला इंग्रजी येत नाही आणि एकीला थोडं येतं.

उदबत्ती लावली. हातात पाणी घेतलं. देश-काळ उच्चारून मी मनात संकल्प सोडला, पण माझ्या नावाने नाही. फुमिच्या नावाने. मियागीची फुमि, किकुचि-सानची धाकटी बहीण, या पाण्यात गेली, तिला ही चटई पोचो. खोट्या कामात एक खरं नाव घातलं. आता ते फळेल. तुमच्या पोरांचं वाया जाणार नाही. कैरी आणि गाण्याचा क्लास तेवढा माझा गेला, तो जाऊ दे. तिलाही आवडत असेल.

मग त्याने हाका मारायच्या होत्या. समुद्राकडे तोंड करून तीनदा, आणि किनाऱ्यावरच्या कोणी ओ द्यायची नाही. ओ दिली तर मेलेली परत फिरते आणि सगळं बिघडतं.

दीड महिन्याने मी तो शब्द ऐकला. पाठमोरा उभा होता, पाणी गुडघ्याला. "आई." त्याचा आवाज फुटलाय, मला माहीतच नव्हतं, इतके दिवस जोरात कधी बोललाच नाही. "आई." माझ्या गळ्यात ओ येऊन बसली होती. मी पदर तोंडात धरला. "आई." तिसऱ्यांदा रडला. मी ओ दिली नाही. पोराने हाक मारावी आणि आईने ओ देऊ नये, हे माझ्याकडून तुम्ही करून घेतलंत. हे मी विसरणार नाही. देवाने विसर पाडला तरी मी आठवून ठेवीन.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. परतीला तोक्यो स्टेशनवर मी उतरले. तुम्ही दाराशी येऊन म्हणालात, "दिवाळी झाली की ये." मी नमस्कार केला तो रोसेंदाबाईंना. त्यांनी माझा हात हुंगला, त्यांच्याकडे तशी रीत आहे. चालायला लागले. आणि मागून हाक आली. चौथी.

"आई!"

आता शब्द मोकळा होता. हाक मारू शकत होता कोणालाही. भरलेल्या स्टेशनात त्याने मला मारली.

आणि तुम्ही म्हणालात, "शू! हळू."

पाहुणे ऐकतील म्हणून.

मी ओ दिली. एवढ्या मोठ्याने दिली की स्टेशनचे दोन टोपीवाले वळून बघायला लागले. तुमच्या 'शू'ला ती ओ होती असं समजा, आणि तीच शेवटची.

फेब्रुवारीतल्या मुंजीत मी इथे येऊन घातलेलं अंबरीषचं नाव काढून घेतलं आहे. श्रीहरींनी विचारलं, का? मी सांगितलं, झाली. मातृभोजन झालं, डोकं झालं, पाणी झालं. मुंज झाली की मुलगा घर सोडतो. आमच्याकडे आईने सोडलं. एवढाच फरक.

शाळा संपली की तो ठरवेल कुठे राहायचं ते. तोवर शनिवारी येईल, मी त्याला तसं सांगितलं आहे. तुम्हाला कोणी विचारलं तर जे बेटावर सांगितलंत तेच सांगा. नाहीतर काहीच सांगू नका. ते तुम्हाला चांगलं जमतं.

सुप्रभा